बोलोन्याच्या कमानींखाली

परदेशी शिक्षण हा विषय आता आपल्या समाजातील मध्यमवर्गीय घरांनाही नवा राहिलेला नाही. शुल्क किती, कर्ज कोणत्या बँकेचे, व्हिसा केव्हा मिळणार, या प्रश्नांची चर्चा घरोघरी होते. मुलगा किंवा मुलगी विमानात बसली की ती चर्चा थांबते. आणि खरे विद्यार्थिजीवन नेमके त्यानंतर सुरू होते. सकाळी काय खायचे, सूर्यास्त केव्हा होतो, दुकानातील वेष्टनावरची बारीक अक्षरे कशी वाचायची, आजारी पडल्यावर कोणाला हाक मारायची, अशा लहान गोष्टींतूनच परदेशातील वर्षे घडत असतात. सांगली जिल्ह्यातील एका शेतकरी जैन कुटुंबातील मुलीने सांख्यिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी इटलीतील बोलोन्या शहरात काढलेली दोन वर्षे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

बोलोन्याच्या विद्यापीठाची स्थापना परंपरेने १०८८ साली झाली असे मानतात, आणि पाश्चात्त्य जगातील सर्वांत जुने विद्यापीठ म्हणून त्याचा लौकिक आहे. प्रारंभी या विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती. दूरदेशांहून कायदा शिकण्यासाठी आलेल्या विद्यार्थ्यांनी आपले संघ बनवले, शिक्षक नेमले आणि त्यांचे मानधनही स्वतःच दिले. याच नगरीत १७३२ साली लाउरा बास्सी या विदुषीने पदवी मिळवली आणि विद्यापीठात अध्यापनही केले. त्या काळी युरोपात स्त्रीने विद्यापीठाच्या व्यासपीठावर उभे राहणे ही अपूर्व गोष्ट होती.

शहराची ओळख म्हणजे तेथील कमानींचे छत असलेले पदपथ. त्यांची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते आणि २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. या कमानींमागे विद्यार्थ्यांचाही हात आहे. मध्ययुगात विद्यार्थ्यांची व कारागिरांची गर्दी वाढली, राहण्यास जागा पुरेना, तेव्हा घरमालकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि त्यांना खालून खांबांचा आधार दिला. १२८८ सालच्या नगरनियमाने असे पदपथ बांधणे बंधनकारक झाले आणि घोडेस्वार खालून जाऊ शकेल एवढी त्यांची उंची ठरवून देण्यात आली. जागेचा तो तुटवडा आजही संपलेला नाही. शिकायला आलेल्या प्रत्येकाची पहिली कसोटी खोली शोधण्याची असते.

या मुलीलाही पहिले तीन आठवडे वसतिगृहातील तात्पुरत्या खाटेवर काढावे लागले. संगणकावर छायाचित्रे दाखवून, खोली न दाखवताच अनामत मागणारे लोक तिलाही भेटले. घरून निघताना अण्णांनी एकच गोष्ट बजावली होती : जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि करार नोंदवला जाणार याची खात्री झाल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही. त्या सल्ल्याने तिचे पैसे वाचले. अखेर जुन्या तटबंदीबाहेरच्या एका घरात, दोन इटालियन मुलींच्या जोडीने तिला खोली मिळाली. एक मुलगी दक्षिणेकडील पुलिया प्रांतातली, पशुवैद्यकाची विद्यार्थिनी; दुसरी जवळच्याच मोदेनाची.

त्यानंतर आली कागदपत्रे. इटलीत दाखल झाल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याचा लिफाफा टपाल कार्यालयात मिळतो, त्यावर १६ युरोचे मुद्रांक लावावे लागते आणि मग बोटांचे ठसे देण्यासाठी पोलीस कार्यालयाची तारीख मिळते. शिवाय ‘कोदिचे फिस्काले’ हा सोळा अक्षरांकांचा करक्रमांक हवा. त्याविना बँक खाते नाही, घराचा करार नाही. परवाना हाती येण्यास महिने लागतात. तोपर्यंत टपाल कार्यालयाची पावती हीच ओळख. ती पावती तिने आजीने दिलेल्या जिनवाणीच्या पुस्तकात जपून ठेवली होती.

पुढचा प्रश्न रोजच्या अन्नाचा. बोलोन्या खवय्यांची नगरी म्हणून ओळखली जाते, पण ती ख्याती मांसाच्या रश्श्याची, मोर्तादेल्ला नावाच्या मांसाच्या गुंडाळीची आणि अंडे घालून केलेल्या ताल्यातेल्लेची. कांदा, गाजर आणि सेलरी तेलात परतून केलेल्या फोडणीवर तेथील बहुतेक रस्से उभे राहतात. कंदमूळ न खाणाऱ्या मुलीने तेथे जगायचे कसे? घरून आणलेली भाजणी, मेतकूट आणि मुगाची डाळ काही आठवडे पुरली. तूप मात्र आणता आले नाही, कारण युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. ताजा कढीपत्ताही घरीच राहिला. मिठाविना लोणी आणून तिने खोलीतच तूप कढवले, तेव्हा मोदेनाची मुलगी वास घेत स्वयंपाकघरात आली आणि हा कोणता गोड पदार्थ म्हणून विचारू लागली.

हळूहळू तिला दुकाने वाचता येऊ लागली. इटलीच्या कायद्यानुसार तेथे बनणारा सुका पास्ता कठीण गव्हाचा रवा आणि पाणी यांचाच असतो. अंडे घातले असेल तर वेष्टनावर तसे लिहावेच लागते. हरभरे, मसूर, हरभऱ्याचे पीठ सर्वत्र मिळते, म्हणजे पिठले आणि आमटी यांची सोय झाली. युरोपीय नियमानुसार चौदा ॲलर्जीकारक घटक वेष्टनावर ठळक अक्षरांत छापतात. त्यांत दूध, अंडी, मासे येतात. परंतु कांदा, लसूण, बटाटा किंवा डुकराची चरबी त्या यादीत नाहीत; ती नावे साध्या अक्षरांत, ओळीच्या मध्ये कोठेतरी दडलेली असतात. म्हणून ‘स्त्रुत्तो’ हा चरबीचा शब्द तिने सर्वांत आधी पाठ केला, कारण तेथील कित्येक पावांत आणि बिस्किटांत तो आढळतो. गंमतही झाली. पिझ्झ्यावर ‘पेपेरोनी’ लिहिलेले पाहून ती महिनाभर दूर राहिली. नंतर कळले, की इटालियन भाषेत पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची. ‘मारिनारा’ या समुद्रावरून पडलेल्या नावाच्या पिझ्झ्यातही मासा नसतो, केवळ टोमॅटो, ओरेगानोचे पान आणि लसूण. लसणाविना करून द्या एवढे सांगितले आणि पिठात चरबी नाही ना हे विचारून घेतले की काम भागे.

खरा धक्का डिसेंबरात बसला. विद्यार्थ्यांच्या खानावळीतील शाकाहारी विभागात टोमॅटोच्या पास्त्यावर किसलेले पार्मिजानो चीज घालून मिळे, आणि दूध म्हणजे दूध या समजुतीने ती ते दोन महिने निर्धास्त खात होती. एका संध्याकाळी पशुवैद्यकाच्या मैत्रिणीने सहज सांगितले, की दूध घट्ट करण्यासाठी जे ‘काल्यो’ घालतात, ते दूधपित्या वासराच्या जठरातून काढलेले असते, आणि पार्मिजानो रेज्जानोच्या नियमावलीत वासराचेच काल्यो घालावे असे स्पष्ट लिहिलेले आहे. बाजारात वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या काल्योची चीजही असतात. परंतु पुष्कळ वेष्टनांवर काल्यो एवढाच शब्द असतो, तो कशाचा हे लिहिलेले नसते.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. चूक अजाणता झाली होती, पण प्रश्न तेवढाच नव्हता. घरी सांगावे की नाही? आईने परदेशी पाठवण्यास शेवटपर्यंत विरोध केला होता, आणि तिची भीती नेमकी हीच होती. न सांगितले तर कोणालाही कळणार नव्हते. पुढे खाल्ले नाही म्हणजे झाले, अशी मनाची समजूत घालणेही सोपे होते. सकाळी तिने दूरध्वनी केला तो आजीला.

आजीने सर्व शांतपणे ऐकले. मग म्हणाली, “अगं, ठाऊक नव्हतं तोवरचं वेगळं. आता कळलं ना? मग आता सोड. पण लपवलं नाहीस, हे फार बरं केलंस.” थोडे थांबून पुढे म्हणाली, “एक दिवस एकासन कर. एवढ्या थंडीत निर्जळी उपवास नको. आणि आईला मी सांगते; तू तिच्याशी नंतर बोल.”

आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने फोनवर पहिला प्रश्न विचारला, “त्या चीजशिवाय तुझं पोट भरतं का?” त्या प्रश्नात रागापेक्षा काळजी अधिक होती, हे मुलीला कळले. त्यानंतर दर रविवारी आठवड्याभराच्या जेवणाची यादी आईला सांगण्याचा प्रघात पडला, आणि तपासणी म्हणून सुरू झालेली ती यादी पाहता पाहता पाककृतींची देवाणघेवाण बनली.

घरातील स्वयंपाकघर तिघींचे एकच होते. रविवारी सकाळी मोदेनाची मुलगी मांसाचा रस्सा तासन्‌तास मंद आचेवर ठेवी. सुरुवातीला या मुलीने घरात मांस शिजवू नये अशी विनंती केली, आणि तिला सरळ उत्तर मिळाले : हे घर आमचेही आहे. चार दिवस अबोला झाला. विचार केल्यावर तिला त्या उत्तरातील न्याय दिसला. आपण ज्या अनेकान्ताचे नाव घेतो, तो दुसऱ्याच्या बाजूला उभे राहून पाहिल्याशिवाय कसा कळणार? तिने स्वतःचे भांडे, तवा आणि फळी वेगळी केली, कोणाला उपदेश करणे सोडले, आणि रविवारची सकाळ घराबाहेर काढण्याचे ठरवले.

त्या सकाळी ती सान लुकाच्या टेकडीवर चालत जाई. तेथील प्रार्थनामंदिरापर्यंत ६६६ कमानींचा, जवळजवळ चार किलोमीटरचा छायामार्ग आहे. त्याचे बांधकाम १६७४ साली सुरू झाले. वृद्ध स्त्रिया माळ ओढीत चढताना पाहून तिला कुंभोज-बाहुबलीच्या पायऱ्या चढणारी आजी आठवे. चढताना ती मनातल्या मनात णमोकार म्हणे. वाट परक्यांची होती, पण चढण ओळखीची होती.

फेब्रुवारीत तिला कडक ताप आला. मोदेनाच्या मुलीने आईच्या पद्धतीचा मांसाचा कढण करून आणला. इतक्या प्रेमाने आणलेली वाटी नाकारणे कठीण होते. तिने क्षमा मागून नाकारली. ती मुलगी काही न बोलता परत गेली. अर्ध्या तासाने ती दुसरी थाळी घेऊन आली : मऊ शिजवलेला पांढरा भात, वर थोडे ऑलिव्ह तेल, चीज नाही. इटलीत आजारी माणसाला हाच भात देतात. आपल्याकडचा मऊ भात आणि तो भात यांत फरक फक्त तुपाचा. तिने तो तिच्या वेगळ्या भांड्यात शिजवला होता, हे पाहून या मुलीच्या डोळ्यांत पाणी आले.

पुलियाच्या मुलीने उन्हाळ्याच्या सुटीत तिला आपल्या गावी नेले. दक्षिणेकडचा पास्ता अंड्याविना, नुसत्या रव्याचा; आणि सुक्या वालजातीच्या दाण्यांची घट्ट आमटी व वर उकडलेली कडसर पालेभाजी हा तेथील जुन्या गरिबीतला पदार्थ. त्यात काही घरी बटाटा घालतात. मैत्रिणीच्या आजीने तो वगळला. ही मुलगी काही पदार्थ का खात नाही हे त्या वृद्धेला फार समजावून सांगावे लागले नाही. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा तिचा स्वतःचा नेम होता. नेम पाळणाऱ्याला दुसऱ्याचा नेम लवकर समजतो.

रात्रिभोजनत्यागाचे गणित मात्र सूर्याने अवघड करून ठेवले होते. जूनमध्ये बोलोन्यात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात साडेचार वाजून थोड्याच वेळात अंधार होतो. हिवाळ्यात तिची व्याख्याने पाचपर्यंत चालत. मधल्या सुटीत, चार वाजता, कमानीखालच्या दगडी कट्ट्यावर बसून ती डबा उघडी आणि तेच तिचे रात्रीचे जेवण. मित्रमंडळी आठ वाजता जेवायला जमत, तेव्हा ती गरम पाणी घेऊन सोबत बसे. पहिल्या महिन्यात तिला प्रश्न विचारले गेले, दुसऱ्या महिन्यात थट्टा झाली, तिसऱ्या महिन्यात तिच्यासाठी गरम पाणी न मागता येऊ लागले.

या साऱ्या काळात अभ्यासाचा ताण होताच. अण्णांनी उसाच्या शेतीवर कर्ज काढले होते, आणि उरलेला भार प्रांताच्या शिष्यवृत्तीवर होता. ती शिष्यवृत्ती टिकवायची तर ठरलेल्या तारखेपर्यंत ठरावीक श्रेयांक मिळवणे आवश्यक होते. इटलीत परीक्षेचे गुण तीसपैकी असतात, उत्तीर्ण होण्यास अठरा लागतात, आणि पुष्कळ परीक्षा तोंडी होतात. पहिल्या तोंडी परीक्षेत तिने पाठ केलेली सिद्धता म्हणण्यास आरंभ केला, प्राध्यापकांनी दुसऱ्याच वाक्याला थांबवून विचारले, “ही अट काढून टाकली तर काय होईल?” तिला सांगता आले नाही. गुण मिळाले वीस.

तेथे मिळालेले गुण नाकारून पुढच्या वेळी पुन्हा परीक्षेस बसता येते. वीस स्वीकारले तर श्रेयांक निश्चित होते. नाकारले आणि पुढे अपयश आले तर शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला असता. तिने अण्णांना विचारले. ते म्हणाले, “बाळ, विषय समजला नाही असं तुझं तुलाच वाटतंय का? मग पुन्हा बस. शेताचा विचार तू करू नकोस, तो माझा आहे.” तिने गुण नाकारले. पुढचे चार आठवडे पाठांतर बाजूला ठेवून प्रत्येक सूत्रापुढे ‘का’ असा प्रश्न लिहिला आणि त्याचे उत्तर शोधले. दुसऱ्या वेळी सत्तावीस गुण मिळाले आणि श्रेयांकही वेळेत पूर्ण झाले.

अभ्यासाच्या थकव्यात एकदा ग्रंथालयात तिच्या वाचनात लुइजी पिओ तेस्सितोरी या इटालियन विद्वानाचे चरित्र आले. १८८७ साली उदिने येथे जन्मलेल्या या तरुणाने फ्लॉरेन्सला संस्कृत-प्राकृताचा अभ्यास केला, आचार्य विजयधर्मसूरींशी पत्रव्यवहार केला, १९१४ साली तो भारतात आला, जुन्या पश्चिमी राजस्थानीचे व्याकरण लिहिले आणि १९१९ साली बिकानेर येथे अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. आपल्या ग्रंथांसाठी एक इटालियन युवक राजस्थानच्या वाळवंटात राहिला, परके अन्न, परकी भाषा, परका उन्हाळा त्याने सोसला. मग आपली एकटेपणाची तक्रार किती मोठी, असे तिला वाटून गेले.

दुसऱ्या वर्षीचे दशलक्षण पर्व व्याख्याने सुरू होण्याच्या सुमारास आले. दहा दिवस तिने एकासन केले. क्षमावाणीच्या दिवशी तिने दोघी मैत्रिणींसमोर हात जोडून वर्षभरात कळत-नकळत दुखावले असल्यास क्षमा मागितली. मोदेनाची मुलगी गोंधळली, “कशाबद्दल?” म्हणाली. मग स्वयंपाकघरातील त्या चार दिवसांच्या अबोल्याची तिलाही आठवण झाली, आणि तिनेही तोडक्यामोडक्या मराठीत तोच शब्द उच्चारला.

पदवीदानाच्या दिवशी इटलीत विद्यार्थ्याच्या मस्तकी लॉरेलच्या पानांचा हार घालतात. या मुलीला तो हार त्या दोघींनी घातला. सांगलीकडे आई, अण्णा आणि आजी पडद्यावर ते पाहत होते. तिकडे दुपार टळून गेली होती. आजीने पहिला प्रश्न गुणांचा नव्हे, तर “आज जेवलीस का?” असा विचारला.

मुलांना दूर पाठवणाऱ्या पालकांनी यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. मुलाच्या पेटीत डाळ आणि भाजणी अवश्य घालावी, तिकडच्या भाषेतील दहा-बारा आवश्यक शब्द शिकवून ठेवावेत, घराच्या कराराविषयी सावध करावे. परंतु त्याहून मोठी शिदोरी म्हणजे चूक झाली तर ती घरी येऊन सांगता येईल हा विश्वास. ज्या घरात सत्य बोलल्यावर आधी ऐकून घेतले जाते, त्या घरातील मूल कितीही दूर गेले तरी आपल्या आचाराशी त्याचे नाते तुटत नाही. नियम भीतीने पाळला तर पाहणारा कोणी नसताच तो गळून पडतो. समजून पाळलेल्या नियमाला मात्र पाहणाऱ्याची गरज लागत नाही, मग सूर्य साडेचारला मावळो की नऊला.